जिल्हा न्यायालय भुयारी स्थानक : जागेचा इतिहास, रचना आणि अर्थ – एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठीत देवळे, किल्ले, वाडे आणि लेणी यांच्याविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने एस.टी. स्थानक, मंडई, पूल, पाण्याची टाकी अशा रोजच्या वापरातील सार्वजनिक वास्तूंकडे वास्तू म्हणून पाहण्याची सवय आपल्या समीक्षेला फारशी लागलेली नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा अपवाद सांगता येईल. पण तोही २००४ मध्ये त्या इमारतीचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाल्यामुळे अधिक ठळक झाला. परिणामी एखादे नवे स्थानक उभे राहिले म्हणजे त्याची चर्चा दोनच ठिकाणी होते. एक उद्घाटनाच्या बातमीत, जिथे आकडे असतात. आणि दुसरी प्रवाशांच्या तक्रारींत, जिथे गैरसोयी असतात. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे ती वास्तू काय सांगते आणि कोणाला सांगते हा प्रश्न, रिकामी राहते.

पुणे मेट्रोचे जिल्हा न्यायालय स्थानक, जे अनेकांच्या तोंडी अद्याप ‘सिव्हिल कोर्ट’च आहे, या रिकाम्या जागेचे एक चांगले उदाहरण होय. १ ऑगस्ट २०२३ रोजी फुगेवाडी ते सिव्हिल कोर्ट हा टप्पा सुरू झाला तेव्हा शिवाजीनगर आणि सिव्हिल कोर्ट ही दोन स्थानके महाराष्ट्रातील पहिली भुयारी मेट्रो स्थानके ठरली. मुंबईच्या भुयारी मार्गिकेचा पहिला टप्पा त्यानंतर वर्षभराने, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला; नागपूरची मेट्रो तर जमिनीखालून धावतच नाही. असे असूनही या स्थानकाविषयी जे वारंवार सांगितले गेले ते एवढेच : खोली ३३.१ मीटर, छताची उंची ९५ फूट, १८ सरकते जिने, ८ उद्वाहक, ७ प्रवेशद्वारे. प्रस्तुत लेखात या आकड्यांच्या पलीकडे जाऊन स्थानकाची जागा, रचना आणि नाव यांचे वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. हे वाचन शहराच्या मध्यभागातून न करता पश्चिमेच्या बाजूने, म्हणजे पौड-मुळशीकडून येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने केले आहे. त्याचे कारण लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

‘भुयार’ या शब्दाची पूर्वपीठिका

मराठी मनात ‘भुयार’ हा शब्द प्रवासाशी जोडलेला नाही. तो पलायनाशी, गुप्ततेशी, क्वचित तपश्चर्येशी जोडलेला आहे. किल्ल्यातून बाहेर पडणारे भुयार, वाड्यातून देवळाकडे जाणारे भुयार यांच्या कथा गावोगावी सांगितल्या जातात. शनिवारवाड्याभोवतीही अशा कथा कमी नाहीत. त्यातील बहुतेकांना आधार नाही. मात्र त्या एका गोष्टीची साक्ष देतात : जमिनीखालची वाट ही सर्वांची वाट नसते, ती थोडक्यांनाच ठाऊक असते, अशी ही समजूत आहे.

वस्तुस्थिती याच्या उलट आहे. जुन्या पुण्याच्या पोटात खरोखर जी भुयारे होती ती सार्वजनिक उपयोगाची होती, आणि त्यांतून माणसे नव्हे तर पाणी वाहत होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी बांधीव नळातून, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले गेले. वाटेत गाळ बसण्यासाठी उच्छ्वास ठेवले गेले आणि पेठापेठांतून हौद भरले गेले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे आजही पुणेकरांच्या पत्त्यांत टिकून आहेत. आजचे कसबा पेठ भुयारी स्थानक याच फडके हौदाच्या परिसरात आहे. मेट्रोच्या कामासाठी मार्च २०१९ मध्ये स्वारगेट येथे खोदकाम चालू असताना जुने बांधीव भुयार उघडे पडले, तेव्हा वर्तमानपत्रांतून प्रथम कुतूहल जागे झाले ते गुप्त वाटेचे. तो पाण्याचा जुना मार्ग असावा हे स्पष्टीकरण मागून आले. शब्दाचा संस्कार किती खोल असतो याचे हे उदाहरण आहे.

याच संदर्भात आणखी एक शब्द आठवतो : पेव. धान्य साठविण्यासाठी जमिनीत खणलेली, तोंडाशी अरुंद व पोटात रुंद अशी ही कोठारे गावगाड्याचा अविभाज्य भाग होती. जिल्हा न्यायालय स्थानक ज्या जागेवर उभे आहे ती जागा शिवाजीनगरच्या शासकीय धान्य गोदामाची होती. धान्याचे कोठार जमिनीवरून नाहीसे झाले आणि त्याच जागी जमिनीखाली माणसांचे पेव निर्माण झाले, असे म्हटले तर तो केवळ शब्दखेळ ठरत नाही. गोदामाच्या जागेमुळेच हे स्थानक असे झाले आहे.

जागेचा आणि निर्णयांचा इतिहास

पुण्याच्या मेट्रोचा इतिहास हा बराचसा कागदावरचा इतिहास आहे. दिल्ली मेट्रो रेल्वे महामंडळाने २००९ मध्ये सविस्तर प्रकल्प अहवाल दिला. त्यानंतर सुमारे सात वर्षे शहराने मेट्रो जमिनीवरून न्यावी की जमिनीखालून, जंगली महाराज रस्त्याने न्यावी की मुठेच्या पात्रालगत, यावर वाद घातला. नदीपात्राचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता डिसेंबर २०१६ मध्ये मिळाली, २४ डिसेंबर २०१६ रोजी भूमिपूजन झाले, आणि केंद्र व राज्य यांच्या समान भागीदारीतील महाराष्ट्र मेट्रो रेल्वे महामंडळाकडे काम सोपविले गेले.

या वादाचे फलित म्हणजे एक तडजोड होय. वनाज ते रामवाडी ही मार्गिका संपूर्णपणे खांबांवरून गेली. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही मार्गिका शिवाजीनगरच्या अलीकडे जमिनीत शिरली आणि सुमारे सहा किलोमीटर भुयारातून स्वारगेटपर्यंत गेली. कसबा, बुधवार, शुक्रवार या पेठांतून खांब उभे करण्याइतके रुंद रस्तेच नसल्यामुळे या दुसऱ्या निर्णयाला पर्याय नव्हता. परंतु एक मार्गिका आकाशात आणि दुसरी पाताळात असे ठरले त्याच क्षणी, त्या जिथे एकमेकींना छेदतील त्या स्थानकाचे स्वरूपही ठरून गेले. वास्तुरचनाकाराने कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीच त्याचा प्रमुख प्रश्न दुसऱ्यांनी निश्चित केला होता. समीक्षा करताना हे ध्यानात ठेवले नाही तर स्थानकाच्या रचनेवर अन्याय होण्याचा संभव आहे.

छेदबिंदूला गोदामाची प्रशस्त मोकळी जागा मिळाली, आणि तेथे वरून उघडे खोदकाम करता आले. पेठांमधील स्थानकांना ही चैन नव्हती. तेथे दाटीवाटीच्या वस्तीत थोड्या जागेतून खाली उतरावे लागले. मंडई येथे खोदताना २०२० मध्ये मोठ्या प्राण्याची हाडे सापडली आणि ती अभ्यासासाठी पाठवावी लागली. शिवाजीनगर स्थानकासाठी तेथील एस.टी. स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवावे लागले. कामगार पुतळा आणि राजीव गांधीनगर या वसाहतींतील कुटुंबांचे विमाननगरसारख्या ठिकाणी पुनर्वसन झाले. शिवाजीनगरला पायी कामावर जाणारा माणूस आता रामवाडीहून तिकीट काढून त्याच जागी परत येऊ शकतो. विकासाच्या हिशेबात ही ‘जोडणी’ म्हणून जमा धरली जाते. ती जमेची बाजू आहे की खर्चाची, हे ज्याने घर हलवले त्यालाच विचारले पाहिजे.

भुयार खणणाऱ्या यंत्रांना ‘मुळा’, ‘मुठा’ आणि ‘पवना’ अशी नावे देण्यात आली होती. जून २०२२ मध्ये खणण्याचे काम संपले. या तीन नावांपैकी दोन नद्या मुळशी तालुक्यातून येतात. पौड खोरे आणि मुठे खोरे ही मावळांची जुनी नावे याच नद्यांच्या आधाराने पडलेली आहेत. १९२१ ते १९२४ या काळात मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह केला, तो मुळेवर बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्धच होता. त्या धरणाची वीज मुंबईकडे जावयाची होती. शहराच्या सोयीसाठी मुळशीच्या नदीचे नाव वापरले जाते तेव्हा हा संदर्भ पौडच्या वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. यंत्राचे बारसे करणाऱ्यांच्या मनात तो असेल असे नाही.

खोलीचे कौतुक

स्थानकाविषयी सर्वाधिक मिरविला गेलेला गुण म्हणजे खोली. ‘देशातील सर्वांत खोल स्थानकांपैकी एक’ हे विशेषण त्याच्या नावाला जणू चिकटूनच आले. परंतु असाच दावा दिल्लीच्या हौजखास स्थानकाविषयी झाला होता, आणि मार्च २०२४ मध्ये हुगळीखालून जाणारी मेट्रो सुरू झाल्यावर हावडा स्थानकाविषयीही झाला. जगाच्या संदर्भात पाहिले तर युक्रेनमधील कीव्ह शहराचे आर्सेनाल्ना स्थानक १०५.५ मीटर खोल आहे. त्यापुढे ३३ मीटर ही मध्यम खोली ठरते. मुद्दा तुलनेचा नाही. खोली हा स्थानकाचा गुण मानावा का, हा खरा प्रश्न आहे.

कीव्हमधील खोली उंच टेकडीमुळे आली. मॉस्कोत ती भूस्तरांमुळे आली, आणि पुढे युद्धकाळात निवाऱ्यासाठी उपयोगी पडली. पुण्यात ती मुठेमुळे आली. स्थानकातून निघालेली गाडी लगेच नदीच्या तळाखालून कसबा पेठेकडे जाते. तेव्हा नदीपाशी पोहोचण्यापूर्वीच रूळ पुरेसे खाली असणे अनिवार्य होते. म्हणजे खोली ही भूगोलाने घातलेली अट आहे, वास्तुरचनेने मिळवलेले यश नव्हे. प्रवाशाच्या बाजूने तर ती निखळ खर्च आहे. पंधरा सेंटिमीटर उंचीची पायरी धरली तर ३३ मीटर म्हणजे २२० पायऱ्या होतात. पर्वतीच्या पायऱ्या १०३ सांगितल्या जातात. पर्वतीच्या पायऱ्या लांब-रुंद आणि उतरत्या आहेत, तेव्हा तुलना तंतोतंत नव्हे; तरी सरकता जिना बंद पडण्याचा दिवस कोणत्याही स्थानकाच्या आयुष्यात येतोच, आणि त्या दिवशी येथील प्रवाशाला पर्वती दोनदा चढल्याचे पुण्य लाभेल एवढे म्हणता येईल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे सांगणाऱ्या भाषेत ‘जिल्हा न्यायालय’ नावाच्या स्थानकाला इतक्या पायऱ्या असाव्यात हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

विनोद बाजूला ठेवला तरी १८ सरकते जिने आणि ८ उद्वाहक ही संख्या भूषण म्हणून न वाचता गरज म्हणून वाचली पाहिजे. ज्या वास्तूत यंत्राशिवाय वावरता येत नाही, तिचे मूल्यमापन यंत्रांच्या संख्येवर नव्हे, तर ती यंत्रे पुढील तीस वर्षे कशी राखली जातात यावर होईल. आपल्याकडील पादचारी भुयारी मार्गांचा अनुभव या बाबतीत उत्साहवर्धक नाही. पुण्यात ‘भुयारी मार्ग’ म्हटले की अजूनही प्रथम डोळ्यांसमोर येतो तो रस्ता ओलांडण्यासाठी केलेला आणि बहुतेकांनी टाळलेला बोगदा. त्यांतील अपयश बांधकामाचे नव्हते. बांधून झाल्यावर लक्ष देणारे कोणी नव्हते, हे त्याचे कारण होते.

उजेड आणि बारव

या स्थानकाचे खरे यश वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तेथे समीक्षेने थांबले पाहिजे.

भुयारी स्थानकाची रूढ रचना म्हणजे एकावर एक ठेवलेले मजले. तळाशी फलाट, त्यावर तिकिटांचे दालन, त्यावर रस्ता. प्रत्येक मजल्याचे छत बेताचे असते, कारण खोदलेल्या प्रत्येक घनमीटरला पैसे पडतात. लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा जगातील पहिला भुयारी रेल्वेमार्ग सुरू झाला तेव्हा वाफेच्या इंजिनांचा धूर बाहेर पडावा म्हणून वर उघड्या जागा ठेवाव्या लागल्या, आणि त्यांतून ओघानेच उजेडही आला. पुढे विजेच्या गाड्या आल्या, धूर गेला, आणि धुराबरोबर आकाशही गेले. विसाव्या शतकातील बहुतेक भुयारी स्थानके कृत्रिम प्रकाशात जन्मली. पॅरिसने १९०० मध्ये एक्तोर गिमार याच्या लोखंडी वेलबुट्टीच्या प्रवेशद्वारांनी खाली उतरण्याच्या क्षणाला शोभा आणली. मॉस्कोने १९३५ मध्ये संगमरवर आणि झुंबरे वापरून पाताळातच राजवाडे बांधले. कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी भारताची पहिली मेट्रो सुरू झाली, आणि तेथील रवींद्र सदन स्थानकात रवींद्रनाथांची हस्तलिखिते भिंतीवर आली. हे सर्व प्रयत्न एका अर्थाने आकाश नसल्याची भरपाई करणारे होते. ते आकाश परत आणण्याचा ठळक प्रयत्न म्हणजे लंडनचे कॅनरी व्हार्फ स्थानक. नॉर्मन फॉस्टर यांच्या रचनेनुसार १९९९ मध्ये खुल्या झालेल्या या स्थानकात काचेच्या छतातून सूर्यप्रकाश खोलवर उतरतो.

जिल्हा न्यायालय स्थानक याच दुसऱ्या परंपरेत बसते. ३३.१ मीटर म्हणजे सुमारे १०८ फूट. आणि त्यांपैकी ९५ फुटांची उंची मजल्यांनी न भरता मोकळी ठेवली आहे. त्यामुळे सूर्यप्रकाश थेट फलाटापर्यंत पोहोचतो. खोलीविषयी जे अभिमानाने सांगितले जाते ते या पोकळीविषयी सांगावयास हवे होते. खोदणे भागच होते. खोदलेली जागा रिकामी ठेवणे भाग नव्हते. तो निर्णय होता, आणि गोदामाची मोकळी जागा उपलब्ध असल्यामुळे तो घेता आला. ‘खोली’ या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ, खोलपणा आणि दालन, येथे एका ठिकाणी येतात.

या रचनेला स्वदेशी पूर्वज आहे तो बारवेचा. साताऱ्याजवळ लिंब येथील अठराव्या शतकातील बारा मोटांची विहीर पाहिली तर जमिनीखाली उतरण्याची एक परिपक्व पद्धत महाराष्ट्रात होती हे कळते. पायऱ्यांनी खाली जावे, वाटेत दालन लागावे, तळाशी पाणी दिसावे आणि मान वर केली तर आकाशाचा तुकडा दिसावा. उतरणारा माणूस कोठे आहे आणि किती खाली आला आहे हे त्याला पाटीवाचून कळते. भुयारी स्थानकांचा सर्वांत मोठा दोष म्हणजे दिशाभ्रम. एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाताना माणूस पूर्व-पश्चिम विसरतो. वरून येणारा उजेड हा त्यावरचा सर्वांत जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे. जिल्हा न्यायालय स्थानकाच्या रचनाकारांनी बारव डोळ्यांसमोर ठेवली होती असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु एकाच प्रश्नाला तीन शतकांच्या अंतराने मिळालेली उत्तरे सारखी आहेत.

याउलट पुणे मेट्रोच्या इतर स्थानकांवर ‘वारसा’ कसा दाखवला आहे ते पाहावे. छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना या खांबांवरील स्थानकांच्या छताला पगडीचा आकार देण्यात आला. शिवाजीनगरला किल्ल्याच्या तटबंदीची आठवण करून देणारे रूप आहे. या आकारांमुळे स्थानक ओळखू येते, छायाचित्र चांगले निघते. मात्र पगडीखाली उभा असलेला प्रवासी त्या पगडीमुळे अधिक सुखाने उभा राहतो असे नाही. येथे परंपरा अंगावर चढवली आहे. जिल्हा न्यायालय स्थानकात परंपरेचे कोणतेही चिन्ह मिरवलेले नाही, आणि तरी ते अधिक मराठी वाटते. कारण तेथे परंपरेने सोडवलेला प्रश्न पुन्हा सोडवला गेला आहे.

बारवेशी असलेले हे साम्य मात्र एका ठिकाणी संपते. बारवेत माणसे थांबत. पाणी भरणे हे निमित्त. टेकणे, बोलणे, सावलीला बसणे हे सर्व तिच्या रचनेत गृहीत होते. मेट्रोच्या तिकिटाला काळाची मर्यादा असते आणि मेट्रोचे तर्कशास्त्र प्रवाशाला शक्य तितक्या लवकर बाहेर काढण्याचे असते. म्हणून शहरातील कदाचित सर्वांत भव्य सार्वजनिक पोकळी अशी आहे की जिच्यात सरकत्या जिन्यावर उभे राहून, सरकता सरकताच, मान वर करावी लागते. मंडप आहे, पण बैठक नाही.

अदलाबदलीचा प्रश्न

या स्थानकाचे अधिकृत प्रयोजन अदलाबदल हे आहे. वनाज-रामवाडी मार्गिका जमिनीच्या वर, स्वारगेट मार्गिका जमिनीखाली. शिवाय हिंजवडी-शिवाजीनगर ही २३.३ किलोमीटरची तिसरी मार्गिका, जी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने खासगी भागीदारीत हाती घेतली, तिचेही टोक येथेच योजले आहे. आदर्श अदलाबदल म्हणजे एका गाडीतून उतरून समोरच्याच फलाटावरील दुसऱ्या गाडीत बसणे. लंडनची व्हिक्टोरिया मार्गिका १९६८ मध्ये सुरू झाली तेव्हा अनेक स्थानकांवर ही सोय मुद्दाम साधण्यात आली होती. हाँगकाँगने तिला जवळजवळ नियमाचे रूप दिले. जेथे ती साधत नाही तेथे दिल्लीच्या राजीव चौकाप्रमाणे दोन्ही मार्गिका जमिनीखालीच एकीवर एक ठेवून अंतर कमी करता येते. पुण्यात दोन मार्गिकांमध्ये रस्ता आहे, रस्त्याखालची सारी पोकळी आहे, आणि रस्त्यावरचा खांब आहे. गाडी बदलणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला ही सगळी उंची पार करावी लागते. उजेडाची भव्य पोकळी आणि अदलाबदलीचा लांबलेला मार्ग या एकाच निर्णयाच्या दोन बाजू आहेत. एकीचे कौतुक करताना दुसरी लपवता येत नाही.

येथे पौडकडून येणारा माणूस पुन्हा आठवावा लागतो. पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्यालय असून पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटर अंतरावर आहे. पिरंगुट, भुकूम, भूगाव ओलांडून चांदणी चौकात यावे आणि पुढे पौड रस्त्याने वनाज गाठावे, हा त्याचा मार्ग. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा सुरू झाला आणि पौड रस्त्याला प्रथमच रेल्वेचे स्थानक लाभले. तालुक्याच्या न्यायालयातून जिल्हा न्यायालयात गेलेल्या जमिनीच्या दाव्यासाठी जाणारा मुळशीचा शेतकरी वनाजला गाडीत बसला की जिल्हा न्यायालयातच उतरतो. मात्र तो उतरतो वरच्या फलाटावर. ज्या ३३ मीटरचे आणि ९५ फुटांचे इतके कौतुक झाले, ते त्याच्या वाट्याला येतच नाहीत. तारखेला आलेला माणूस खाली न उतरताच निघून जातो. खाली उतरण्याचे काम पडते ते मंडईला, स्वारगेटला किंवा पिंपरीला जायचे असेल तेव्हा, आणि तेव्हा बहुधा हातात सामान असते.

म्हणजे या स्थानकात दोन निराळी स्थानके एकत्र नांदतात. एक नावाचे स्थानक आहे, न्यायालयाच्या दाराशी नेणारे, जमिनीच्या वरचे, साधे आणि उपयुक्त. दुसरे छेदबिंदूचे स्थानक आहे, खोल, उजळ, छायाचित्रांतले. दोहोंचे प्रवासी बरेचसे वेगळे आहेत. प्रसिद्धीत दुसऱ्याने पहिल्याला पूर्ण झाकून टाकले.

नाव आणि भाषा

स्थानकाचे नाव प्रथम ‘सिव्हिल कोर्ट’ होते, २०२४ मध्ये ते ‘जिल्हा न्यायालय’ झाले. त्याच सुमारास ‘बुधवार पेठ’चे ‘कसबा पेठ’ झाले. पहिला बदल मराठीच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे, शिवाय अर्थाच्या दृष्टीने अचूक आहे. दुसरा मात्र भूगोलापेक्षा संकोचाला अधिक जागणारा वाटतो. पेठेला लागलेल्या लौकिकामुळे तिचे नाव पाटीवरून काढावे लागले असेल, तर तो प्रश्न पाटीचा नव्हता.

मेट्रोने मराठीला ‘मार्गिका’ हा शब्द दिला, किंवा निदान अडगळीतून बाहेर काढून रोजच्या वापरात आणला. तो आता वर्तमानपत्रांत सहज रुळला आहे. पण मार्गिकांची नावे मात्र ‘पर्पल’ आणि ‘अ‍ॅक्वा’ राहिली. ‘जांभळी’ म्हणायला काय हरकत होती हे कळत नाही. ‘अ‍ॅक्वा’साठी तर ‘मोरपंखी’ किंवा ‘पाणेरी’ यांसारखे शब्द लुगड्यांच्या दुकानात अजून जिवंत आहेत. तालुक्याहून प्रथमच येणाऱ्या प्रौढ स्त्रीला रंगाचे नाव विचारून वाट शोधावी लागते, तेव्हा हा प्रश्न भाषाभिमानापुरता राहत नाही.

पाणी

शेवटी त्या गोष्टीकडे वळावे लागते जिच्यामुळे ही खोली आली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत व नदीकाठच्या वस्त्यांत शिरले. ती आठवण पुण्याच्या घराघरांतून अजून गेलेली नाही. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी टप्प्याचे उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ रोजी व्हावयाचे होते. मुसळधार पावसामुळे तो कार्यक्रम रद्द झाला आणि २९ सप्टेंबरला दूरदृश्य प्रणालीद्वारे उरकण्यात आला. जमिनीखालच्या मार्गाचे उद्घाटन जमिनीवरच्या पाण्याने पुढे ढकलावे, यातला इशारा हसून सोडून देण्यासारखा नव्हता. भुयारी स्थानकात पाणी शिरते ते प्रवेशद्वारांतून, आणि येथे प्रवेशद्वारे सात आहेत. आकाशाला उघडी ठेवलेली पोकळी उजेड आत घेते त्याच वाटेने पाऊसही आत येऊ पाहणार. प्रवेशद्वाराचा उंचवटा किती असावा, भोवतीच्या रस्त्याचा उतार कोणीकडे असावा, पावसाळी गटार कोणाच्या ताब्यात असावे, हे प्रश्न स्थानकाच्या रचनेइतकेच रचनेचे आहेत. परंतु त्यांतील निम्मे महानगरपालिकेच्या हद्दीत आणि निम्मे महामेट्रोच्या हद्दीत पडतात.

वनाज ते चांदणी चौक या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ जून २०२५ रोजी मान्यता दिली, रामवाडी-वाघोली विस्तारासह. दोन्ही मिळून १२.७५ किलोमीटर आणि १३ स्थानके, खर्च ३,६२६.२४ कोटी रुपये. चांदणी चौकाचे स्थानक मुळशीच्या उंबरठ्यावर येईल. ते खांबांवरचे असेल, तेथे खोलीचा आकडा सांगता येणार नाही, आणि पौडहून आलेली बस त्याच्या जिन्यापासून किती पावलांवर थांबते एवढ्यावरच त्याची परीक्षा होईल.